दोन वऱ्हाडे

बँकेच्या नोकरीत एक वाक्य मी हजार वेळा तरी ऐकले असेल, "साहेब, मेळ लागत नाही." मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांची लेजरे एका बाजूला, जनरल लेजरमधला एकच आकडा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. अमरावतीच्या शाखेत फरक शोधताना रात्रीचे दहा वाजत. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असणार, हे शहाणपण आम्हाला पुस्तकांतून नव्हे, हेडक्लार्ककडून मिळाले. पुढे संगणक आले. बँकांच्या संगणकीकरणाबद्दलचा रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा. त्या काळात संगणकाच्या विरोधात दारासमोर घोषणा देणाऱ्यांत मीही होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

निवृत्त झाल्यावर हे वाक्य कानांवरून गेले ते गेलेच. गेल्या दिवाळीत मात्र माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसलेल्या भाचीच्या तोंडून ते पुन्हा ऐकले. "मामा, मेळ नाही लागून राहिला." ती पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, पण अमरावतीच्या घरात पाऊल टाकले की तिची भाषा बडनेऱ्याला गाडीतून उतरतानाच बदललेली असते. या वेळी हिशेब पैशांचा नव्हता, पत्रांचा होता.

माझी जीमेलची टपालपेटी २००५ ची. जीमेल सुरू झाले १ एप्रिल २००४ ला, आणि १ गिगाबाइट जागा फुकट, हे ऐकून अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. तेव्हा हॉटमेल २ मेगाबाइट देत असे आणि याहू ४. शिवाय हे खाते मागून मिळत नसे. आधीच्या खातेदाराने निमंत्रण पाठवावे लागे. बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागे, तसेच. जीमेलने आणखी एक गोष्ट वेगळी केली. तोवर पत्रे ठेवायची ती कप्प्यांत. पत्र एकाच कप्प्यात जाणार, 'घर'मध्ये ठेवले तर 'बँके'त नाही. जीमेलने कप्पे काढून टाकले आणि चिठ्ठ्या दिल्या. त्यांना ते लेबल म्हणतात. सगळी पत्रे एकाच मोठ्या पेटाऱ्यात, आणि एका पत्राला हव्या तितक्या चिठ्ठ्या. मुलीने पाठवलेल्या पत्रात लग्नाच्या हॉलचे भाडे असेल तर 'लेक' ही चिठ्ठी, 'लग्न' ही चिठ्ठी आणि 'पैसे' हीही. मला ही सोय इतकी आवडली की वीस वर्षांत माझी १४३ लेबले झाली. त्यातले एक 'उत्तर द्यायचे'. ते सगळ्यांत मोठे.

आणि एक 'वऱ्हाड'.

या लेबलामागे अकोल्याचे मास्तर आहेत. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. मी नव्वदच्या दशकात अकोल्याच्या शाखेत होतो तेव्हा ते पेन्शनच्या चौकशीला नव्हे, तर काउंटरवरच्या माणसांची बोली ऐकायला येत. शाळेत मराठी शिकवत. वऱ्हाडी शब्द जमवण्याचे त्यांना वेड होते. खिशात बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहिलेले शब्द असत. माझ्या दोन कादंबऱ्यांतली माणसे बोलतात ती बरीचशी मास्तरांच्या तिकिटांवरून. मी अमरावतीला परतलो तेव्हा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि २००६ पासून तो ई-मेलवर आला. आधी सायबर कॅफेवाल्याच्या पत्त्यावरून, इंग्रजी अक्षरांतले मराठी. मग मुलाच्या पत्त्यावरून. मग पुतण्याच्या. अखेरीस स्वतःच्या. पत्ता पाहून मास्तरांचे पत्र ओळखता येत नसे, म्हणून तर ते लेबल. कोणाच्याही पत्त्यावरून येवो, पऱ्हाटी, धुरा, डवरा, उलंगवाडी असले काही आत दिसले की मी 'वऱ्हाड' चिकटवून मोकळा होत असे.

२०२१ मध्ये मास्तर गेले. त्यांच्या वह्या मधल्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या होत्या. राहिली होती ती पत्रे. मुलाला वडिलांचा पासवर्ड ठाऊक नव्हता, आणि त्याने विचारपूस सुरू केली तोवर ती टपालपेटी न वापरल्यामुळे बंद झाली होती. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, फुकटच्या जागेचे नियम पेटी उघडताना कोण वाचतो? मुलाने मला फोन केला. "काका, तुमच्याकडे बाबांचे पत्र असतील ना?" मी म्हणालो, असतील काय, आहेत. सगळी आहेत. एका लेबलात आहेत.

फोन ठेवून लेबल उघडले तर त्यात २०१४ नंतरचीच पत्रे. त्याआधीची आठ वर्षे गायब. मला घाम फुटला. जागा भरली म्हणून मध्यंतरी मी जुनी जड पत्रे पुसली होती. त्यात गेली असावीत, अशी मी मनाची समजूत घातली आणि मुलाला काहीच सांगितले नाही. बँकेत याला 'फरक सस्पेन्सला टाकणे' म्हणतात. तीन वर्षे मी तो तिथेच ठेवला.

दिवाळीत भाची आली तेव्हा मी तिला एवढेच म्हणालो की माझी सगळी पत्रे घरच्या संगणकावर उतरवून दे, चिठ्ठ्यांसकट. नुसती पत्रे नकोत. चिठ्ठी ही माझी आहे. पत्र मास्तरांनी लिहिले, पण ते वऱ्हाडीबद्दल आहे, याचे उत्तर राहिले आहे, हे कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात लागेल, हे मी ठरवले. ते पत्रात कुठेच लिहिलेले नसते.

पहिल्या दिवशीचा प्रयत्न फसला. टपालपेटीतून पत्रे उतरवून घेण्याची जी जुनी रीत आहे, तिला आयमॅप म्हणतात, तिला कप्पेच कळतात. त्यामुळे जीमेल तिच्यासमोर प्रत्येक लेबलाचा एकेक कप्पा करून मांडते. तीन चिठ्ठ्यांचे पत्र तीन कप्प्यांत दिसते, आणि साधा प्रोग्रॅम ते तीनदा उतरवून घेतो. डिस्क फुगली. त्याहून गंमत नावांची झाली. या जुन्या रीतीत कप्प्याचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांतच प्रवास करू शकते. देवनागरी नावाचे आधी इंग्रजी अक्षरांचे एक कडबोळे होते, आणि पलीकडे ते पुन्हा उलगडायचे असते. भाचीच्या प्रोग्रॅमने ते उलगडलेच नाही. 'लेक', 'लग्न', 'पैसे', सगळ्यांचा झाला चिवडा. "मामा, काहून ठेवले बाप्पा मराठी नावं?" असे ती वैतागून म्हणाली. मी म्हटले, तू नवा प्रोग्रॅम शोध, मी नवे आडनाव शोधणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दोन फुकट मिळणारे प्रोग्रॅम बसवले. एकाचे नाव नॉटमच. कार्ल वर्थ या गृहस्थाने २००९ मध्ये तो सुरू केला. तुमची पत्रे कितीही असोत, माझ्या मते ती 'काही फार नाहीत', असा त्या नावाचा तोरा आहे. तो पत्रे हलवत नाही, उघडून बदलत नाही. शेजारी आपली एक सूची ठेवतो आणि कोणत्या पत्राला कोणती खूण आहे ते त्या सूचीत लिहितो. तिथे लेबलाला टॅग म्हणतात. दुसरा प्रोग्रॅम लिअर. त्याचे काम मध्यस्थाचे. जीमेलची लेबले घरच्या टॅगांत आणायची आणि घरच्या टॅगांत केलेला बदल जीमेलच्या लेबलांत पोहोचवायचा. हा कप्प्यांच्या वाटेने जात नाही, जीमेलने प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या वेगळ्या दाराने जातो. त्यामुळे पत्र एकदाच उतरते आणि मराठी नाव मराठीच राहते.

याची पद्धत पाहून माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. दोन वह्या आहेत, दोन्हींत कोणीही, केव्हाही लिहू शकतो. मग खरे काय मानायचे? पासबुक आणि लेजर यांत हा प्रश्न येत नाही, कारण पासबुकात खातेदार लिहीत नाही. लिअर दोन्हीकडचा एक चालू क्रमांक लक्षात ठेवतो. मागल्या भेटीत तुमचा क्रमांक हा होता, माझा हा होता, त्यानंतर काय बदलले तेवढेच बोला. आधी घरचे बदल वर पाठवतो, मग वरचे खाली आणतो. एकाच पत्राची खूण दोन्हीकडे बदललेली असेल तर वरची राहते, घरची माघार घेते. म्हणजे हेड ऑफिसचेच बरोबर. अडतीस वर्षांनी पुन्हा तेच.

भाचीने एक गोष्ट मला तीनदा बजावली, ती इथेही सांगतो. दोन्हीकडे जुळते याचा अर्थ चूकही दोन्हीकडे होते. घरी एक खूण चुकून पुसली तर ती वरूनही जाते. म्हणून जुळवणीच्या आधी घरच्या सूचीची एक वेगळी नक्कल काढून पेन ड्राइव्हवर ठेवायची, आणि तो पेन ड्राइव्ह संगणकातून काढून कपाटात.

पत्रे उतरायला रात्र गेली. सकाळी चहाच्या वेळी तिने सगळ्या टॅगांची यादी पडद्यावर आणली, आणि तेव्हा ते वाक्य आले, मेळ नाही लागून राहिला. यादीत वऱ्हाड दोनदा होते. एकात २९७ पत्रे, दुसऱ्यात ४१२.

"एक वऱ्हाड प्रदेशाचं अन् एक लग्नाचं आहे काय मामा?" तिने विचारले. मी म्हटले, लग्नासाठी 'लग्न' आहे. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. व, पोटफोड्या ऱ्ह, काना, ड. दोन्हीकडे तेच. इथे मी 'वऱ्हाड' आणि 'वर्‍हाड' असे दोन्ही छापायला दिले आहेत, बहुतेक तुम्हालाही फरक दिसणार नाही.

संगणकाला मात्र दिसतो. युनिकोड या जागतिक वहीत प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. आपला र ०९३० वर आहे. त्याच्या शेजारी ०९३१ वर खाली टिंब असलेला ऱ आहे. ऱ्ह मधला तो कोयत्यासारखा र लिहायच्या दोन रीती चालतात. एक, ०९३१ चा ऱ घ्या आणि त्याचा पाय मोडा. दुसरी, साधाच र घ्या, पाय मोडा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवा, म्हणजे तो रफार होऊन डोक्यावर चढत नाही. कागदावर दोन्हींचे रूप एक. वहीत मात्र दोन वेगळी नावे. माझ्या जुन्या संगणकाचा कळफलक एका रीतीने लिहीत असे. २०१४ मध्ये नवा घेतला, त्याचा दुसऱ्या. त्या दिवशी मी 'वऱ्हाड' टंकले तेव्हा जीमेलने प्रामाणिकपणे विचारले असणार की हे लेबल नाही, नवे करू? आणि मी न वाचता 'हो' म्हटले असणार. शेकड्यावर लेबले असली की खालची 'अधिक'च्या आड जातात, ती उघडून कोण बघतो. भाचीने सूचीची नक्कल काढली तेव्हा त्यात देवनागरी अक्षरांऐवजी सांकेतिक आकडे उमटले होते. तिथे दोन वऱ्हाडांतला फरक उघडा पडला. एकात एक जादा खूण होती, डोळ्यांना न दिसणारी.

म्हणजे मास्तरांची जुनी पत्रे कुठे गेलीच नव्हती. मी दहा वर्षे नव्या कळफलकाने जुने नाव विचारत होतो.

मराठी माणसाने हे लक्षात ठेवावे असे आहे. तऱ्हा, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, 'दुसऱ्या', 'बऱ्याच', या साऱ्यांच्या बाबतीत हे होऊ शकते. बँकेचेही तेच. 'बँक' चंद्रबिंदूने लिहिता येते आणि 'बॅंक' अशी अर्धचंद्र नि अनुस्वार वेगळे देऊनही. माझ्या यादीत तीही दोन निघाली. मी बँकवाला असून!

मास्तर असते तर या प्रकारावर दोन दिवस बोलले असते. शिक्क्यांवरून त्यांचा एक जुना राग होता. वऱ्हाडचा कापूस इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलला जाई, तो 'उमरा' या नावाने. उमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. अकोल्याच्या शेतात पिकलेल्या बोंडालाही परदेशात अमरावतीचीच चिठ्ठी. "कापूस आमचा, नाव तुमचं," असे ते मला प्रत्येक भेटीत ऐकवत. मी म्हणत असे, मास्तर, चिठ्ठी लावणारा आपल्यापैकी कोणी नव्हता.

मग दोन्ही वऱ्हाडे एक करायचे ठरले. नक्कल कपाटात गेली. भाचीने ४१२ पत्रांना नवी खूण दिली, जुनी काढली. ४१२ अधिक २९७, ७०९. पडद्यावर आले ७०६. ती म्हणाली, जाऊ द्या मामा, तीनच तर आहेत. ती बँकेत नव्हती. मी जेवायला उठलो नाही. ३ ला ९ ने भाग जात नाही, म्हणजे आकड्यांची उलटापालट नव्हे. अखेर सापडले. संगणक बदलण्याच्या आठवड्यात तीन पत्रांवर मी दोन्ही चिठ्ठ्या लावल्या होत्या. ती दोनदा मोजली गेली होती. फरक शून्य. खूप दिवसांनी जेवण गोड लागले.

वेबवरचा आकडा याहून बराच कमी दिसत होता, पण तो फरक नव्हता. जीमेल पडद्यावर संभाषणे मोजते, एकेक पत्र नव्हे. त्यातच एक आणखी खोच निघाली. संभाषणाला लेबल दिले की त्यातल्या तेव्हाच्या सगळ्या पत्रांना ते लागते. नंतर त्याच संभाषणात येणाऱ्या पत्राला आपोआप लागत नाही. वेबवर ते लेबलाखाली दिसते, कारण संभाषण तिथे दिसते. पण घरी एकेका पत्राची मोजदाद होते आणि असे पत्र बिनचिठ्ठीचे राहते. ते शोधले तर मास्तरांची आणखी ३८ निघाली. एकूण ७४४.

ज्यांच्या घरी अशी भाची नाही त्यांना सोपा मार्ग आहे. गूगलच्या 'टेकआउट' या सोयीतून आपली सगळी पत्रे एका गठ्ठ्यात मागवता येतात, आणि त्या गठ्ठ्यात प्रत्येक पत्राच्या माथ्यावर त्याची लेबले लिहिलेली असतात. ते त्या दिवसाचे छायाचित्र, पुढचे बदल त्यात येणार नाहीत. पण छायाचित्र तरी असावे. दोन वर्षे अजिबात न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केले आणि त्या डिसेंबरपासून अमलात आणले. आपल्यामागे खाते कोणाला उघडता यावे हे हयातीतच सांगून ठेवण्याची सोयही त्यांच्याकडे आहे, ती २०१३ पासून. माझ्या पिढीने मृत्युपत्रे केली आहेत, एफडीला नॉमिनी दिले आहेत. पत्रांचा नॉमिनी कोणी केला आहे?

भाची पुण्याला गेल्यावर मी ७४४ पत्रे वाचत बसलो. पहिली काही वर्षे मास्तरांना संगणकावर मराठी लिहिता येत नव्हते. इंग्रजी अक्षरांतली 'पऱ्हाटी' ओळखायला मला मिनिट लागत असे. २०१२ च्या एका पत्रावर दोन चिठ्ठ्या होत्या, 'वऱ्हाड' आणि 'उत्तर द्यायचे'. पत्र चार ओळींचे. उलंगवाडीच्या वेळी जो किडका, डागाळलेला कापूस निघतो त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. तुमच्या अमरावतीकडे दुसरा शब्द आहे का? कोणा म्हाताऱ्या वेचणारणीला विचारून कळवा, घाई नाही.

मी विचारले नव्हते. मास्तरांनी नंतर नऊ वर्षे शेकडो पत्रे लिहिली, पण तो प्रश्न पुन्हा काढला नाही. त्या आठवड्यात मी कुऱ्ह्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला विचारले. ती म्हणाली, "कवडीच म्हंतो जी. अन् काय म्हनाव?"

पत्रांची छापील प्रत, पेन ड्राइव्ह आणि हे उत्तर घेऊन मी अकोल्याला निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता नवा आहे. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत केले म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. मास्तर आणि मी त्या रस्त्याने एसटीतून मूर्तिजापूरपर्यंत खड्डे मोजत जात असू. आता मोजायला काही नाही.

मुलगा कामावर होता. वहिनी घरी होत्या. मी सारा प्रकार सांगितला, दोन वऱ्हाडांचा, तीनच्या फरकाचा, कवडीचा. त्यांनी ते २०१२ चे पत्र चष्म्याजवळ धरून वाचले आणि हसल्या.

"कवडी तर मीच सांगतली होती त्याइले," त्या म्हणाल्या. "माझं माहेर तुमच्याच जिल्ह्यातलं. त्याइले वाटलं मी चुकून राहिली, म्हणून तुमाले विचारलं."

मग त्यांनी पुढचे पान उलटले, आणि मास्तरांनी लिहिलेले आणखी दोन शब्द पेन्सिलने खोडून बाजूला बरोबर करून दिले.

रात्री घरी येऊन मी त्या पत्राचे 'उत्तर द्यायचे' काढले. लिअर चालवला. थोड्या वेळाने तिकडचेही गेले.